बटाट्यांचा हिशेब

इंजिनाला भूक नव्हती.
मूठभर धातू गिळून बसलेलं ते,
वर्षभर ढेकरही देणार नाही.
पाणी म्हणाल तर समुद्रच गाळून प्यायचो,
श्वास नळकांड्यांत भरलेला.
जुन्या डिझेल बोटींसारखं
रात्री वर येऊन धापा टाकायचं कारणच उरलं नव्हतं.
बोटीत संपणारी चीज एकच –
माझे बटाटे.

मी आर्मंड टेट्रो, आचारी, ग्रोटनचा.
निघताना जागा पुरेना म्हणून
बोळभर डबे मांडले – मटार, पीच, टोमॅटो –
वर फळ्या टाकल्या, आणि शंभर माणसं
आपल्याच जेवणावरून चालू लागली.
टॉर्पेडोवाला लिंडक्विस्ट सहा फूट तीन.
पहिल्या आठवड्यात कपाळावर तीन टेंगळं.
रोज आम्ही जमीन खात होतो,
रोज तो थोडा सरळ होत होता.

डोक्यावर बर्फ. तो किती जाड,
ते एक सुई कागदावर काढत राहायची :
उलटे डोंगर.
मी एकदाच पाहिलं,
मग कणीक मळायला गेलो.
सकाळ कशी कळायची?
मी पॅनकेक केले की सकाळ.
एकदा चुकून सूप आधी केलं,
तर अर्धी बोट झोपायला गेली.

वेग विचारू नका, खोली विचारू नका,
मला तेव्हाही कुणी सांगत नव्हतं.

चाळिसाव्या दिवसापासून कप्तान
स्वयंपाकघरात येऊ लागला.
"बटाटे किती, टेट्रो?"
"अकरा पोती, साहेब."
दुपारी पुन्हा. "बटाटे किती?"
"तेवढेच, साहेब."
तरी उभा.
एक बटाटा उचलायचा, हातात फिरवायचा,
होता तिथे ठेवायचा.
मला वाटलं, म्हातारा हबकला.

लिंडक्विस्ट ताठ चालू लागला, तेव्हा आम्ही परतलो.
धक्क्याला झाकण उघडलं
आणि जमिनीचा वास आत आला –
चिखल, कुजकी पानं, माणसं –
पोटात ढवळलं.
मोकळी हवा अशी असते, हे विसरूनच गेलो होतो.

कप्तानानं तेव्हा खिशातून घडी काढली.
कागद मऊ पडलेला, कडा काळ्या.
बर्फातल्या एका फटीत वर आलो होतो,
तेव्हा रेडिओवर आलेला.
आई.
एकोणचाळिसाव्या दिवशी.

घरी तळघरात तिची पोती,
हिवाळ्याआधी भरून ठेवलेली.
अंधारात बटाट्यांना
हातभर लांब पांढरे कोंब,
सगळे एकाच बाजूला,
खिडकीच्या चिरेकडे.
मी पायरीवर बसलो
आणि मोजायला लागलो.