मुद्देमाल

पंचनाम्यात लिहिलंय :
मांडूळ, एक. जिवंत.
वजन एक हजार तीनशे चाळीस ग्रॅम.
मातीच्या रांजणात, धानाच्या कोठीमागे,
आरोपी डोमाजी गुरनुले यांच्या राहत्या घरी.

पुढची तारीख मिळेस्तोवर
तो आमच्या नाक्याच्या मागल्या खोलीत,
जुन्या काचपेटीत, तणसावर.
मी वनरक्षक. किल्ली माझ्याकडे.

तिसऱ्या आठवड्यात तो पाण्याच्या कटोऱ्यात जाऊन बसला
आणि निघेचना.
उकाडा म्हणावा तर पौष होता,
शेकोटी सोडून कोणी हलत नव्हतं.
हात घालून उचलला तर
तळहातावर खसखस सांडली
आणि खसखस चालू लागली.

गोचीड नव्हे, डॉक्टर बोरकुटे फोनवर म्हणाले,
त्याहून बारीक. माइट.
खवल्याच्या घडीत बसतात, रक्त पितात.
म्हशीचं औषध मारू नका, सापच जाईल.
मग कुठलीशी गाय अडली होती म्हणून फोन ठेवला.

डोमाजी दर सोमवारी हजेरीला येतो.
जामिनाची अट.
त्या सोमवारी अंगठा देऊन तो गेलाच नाही.
"पाहू द्या नं बाई, एकडाव."
नियमात बसत नव्हतं.
मी हो म्हटलं नाही, दार मात्र लोटलं नाही.

"तणस फेका पयले. जाळून टाका.
कागद टाका, पांढरा. चालला का दिसते.
पाणी कोमट. नाकाच्या वर नको."

हे कुठून शिकला, मी विचारलं नाही.
दीड वर्ष घरात ठेवला होता त्यानं,
नागपुराहून करोड रुपये देणारा माणूस येणार म्हणून.
माणूस आला नाही.
पोरीनं नाव ठेवलं, गोटू.
पंचनाम्यात नाव नाही.

पांढरे कागद म्हणजे रद्द झालेले पंचनामेच,
कोऱ्या बाजूनं.
पेटीच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं.
गोटू गुलाबी टबात,
आणि आम्ही दोघं उकिडवे,
सरकार आणि आरोपी,
मध्ये एक झिजलेला टूथब्रश.

पाणी चढलं तसे ते सुटले,
तळाशी काळा गाळ झाला.
उरलेले डोक्याकडे सरकले,
डोळ्याच्या कडेला, ओठाच्या खाचेत, दाटीवाटीनं.
डोमाजी बराच वेळ नुसता पाहत होता.
"धरणाचा पाणी चढला तवा आमीबी
असेच देवळाच्या टेकडीवर गेलो होतो," म्हणाला,
आणि खोबरेल लावलेला कापूस
डोळ्याभोवती फिरवला.
एकेक काढला.

शेपटी तोंडासारखी, तोंड शेपटीसारखं.
लोक म्हणतात, सहा महिने इकडून चालतो, सहा महिने तिकडून.
मला दोन्हीकडून खाजच दिसली.

नवव्या दिवशी कागदावर पुन्हा पूर्णविराम.
पुन्हा टब. पुढल्या सोमवारी दोन.
मग एकही नाही.
त्याच्या पुढल्या सोमवारी सात.
माझ्या मनगटावर पुरळ उठली,
साहेब दारातूनच बोलायला लागले.

तारखेला वकिलानं विचारलं,
वजन एकशे दहा ग्रॅमनं कमी कसं?
मुद्देमाल कोण खात होतं?
मी शपथेवर सांगितलं कोण.
मागच्या बाकावर कोणी हसलं.
न्यायाधीश बाईंनी चष्मा पुसला,
मग लिहिलं : निसर्गात मुक्त करावे.

नाल्याकाठी, लाखोळीच्या बांधीपलीकडे,
भुसभुशीत मातीत सोडला.
दोन पंच, एक फोटो, वेळ पाच चाळीस.
आधी डोकं गेलं.
मला वाटतं डोकंच.

सोमवारी डोमाजी आला. त्याचा खटला चालूच आहे.
टब उन्हात उलटा वाळत होता.
"गेला?"
"गेला."
"साफ होता?"
"साफ."
रजिस्टरवर अंगठा टेकवला, पुसला धोतराला,
आणि एकदम मनगट माझ्यापुढे धरलं.
काळा ठिपका. शाईचा असेल.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो,
तो चालतो का ते.