पडीक

तीस वर्षं ट्रेसर होते मी, पाटबंधारे, सांगली.
कालव्याची निळी रेघ ओढायची
आणि रेघेच्या अंगाला, जिथं काही नाही असं वरून कळायचं,
तिथं बारीक लिहायचं : पडीक.
अक्षर माझं देखणं होतं.

आता आटपाडीच्या अलीकडं आठ गुंठे आहेत नावावर
आणि आलेखाच्या कागदावर मी आखतेय
गवत.

भाचा विचारतो, लॉन का मावशी?
नाही रे. मारवेल, कमरेएवढा.
वाऱ्याच्या तोंडाला पवन्या. कुसळी वाटेपासून लांब,
ती पदर धरते, सोडत नाही.
मधे कुर्डू, तळाशी विष्णुक्रांता, दिसली तर दिसली.
फुलं काय, महिनाभर.
माळ आठ महिने वाळलेला असतो,
तो कसा दिसेल ते आधी रंगवायचं.
पेटीत पिवळे दोनच.
उरलेले पाच मी चहाच्या पाण्यानं केले.

विट्याचा बियाणेवाला हसला,
गवताचं बी? लोक माझ्याकडं ते मारायला येतात.

बी निघालं म्हाकूबाई मदनेच्या घोंगड्यात.
अख्खी दुपार दोघी कुसळं वेचत बसलो,
बिस्किटांचा डबा भरला.
माझ्या यादीत नव्हती अशी चार नावं तिनं सांगितली,
दोन मला नीट लिहिता आली नाहीत.

पेरायला लागले तर हात रेघच ओढतो.
बांधावरून ती ओरडली,
मेंढरू काय वळीनं हागतं का बाई?
मग डोळे मिटून फेकलं.

पहिलं वर्ष गाजरगवताचं.
गुडघे टेकून उपटलं, गुडघे अजून बोलतात.
कुसळ मात्र ओल लागताच
स्वतःला पिळत पिळत मातीत शिरलं होतं,
मला न विचारता.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर,
पाचच्या उन्हात चहाचे पाचही रंग उभे राहिले
आणि एक सहावा, माझ्याकडं नसलेला.
त्यातून चंडोल सरळ वर गेला.
मी हातातली पाटी खाली ठेवली.

पुढच्या आठवड्यात तलाठी सरगर आले.
वही उघडून बराच वेळ बघत राहिले.
पेरा काय लावू, बाई?
मी काही बोलले नाही.
त्यांनी लिहिलं : पडीक.

अक्षर फार वाईट होतं.
मी पेन मागितलं.