मारबत

पाचपावलीच्या आमच्या गल्लीत ती अजून यमीच.
यामिनी हे नाव मुंबईच्या एका निर्मात्यानं ठेवलं.
पराते कापून टाकलं, पट्टीत मावत नाही म्हणाला.
बाबा म्हणाले, काप बाप्पा, काठ तेवढा राहू दे.

एकवीस वर्षं. त्यातली सतरा एकाच घरात.
त्या घराला छत नव्हतं,
जिना चढून गेलं तर पुढं मजला नव्हता,
देवघरातला नैवेद्य थर्माकोलचा.
तिथं तिनं तीन सुना छळल्या, एक इस्टेट गिळली,
दोनदा मेली,
एकदा स्वतःचीच जुळी बहीण होऊन परत आली.
खरी बहीण मी. मला कोणी विचारलं नाही.

साडेसातला आमचा माग थांबायचा.
बाबा चष्मा धोतराला पुसून बसत,
तिच्या तोंडाकडं मात्र बघत नसत.
ती दुधात काहीतरी मिसळतेय,
ढोल, वीज, सुनेचा हंबरडा,
आणि बाबा:
"पॉवरलूमचा काठ आहे हा. जर खोटी.
पोरीला असलं काहून नेसवतात?"

बाबा गेले तेव्हा सेटवर लग्नाचा आठवडा चालू होता.
ती विमानानं आली, हातभर मेंदी तशीच.
बायका तिचे डोळे तपासत राहिल्या,
पाणी खरं की ग्लिसरीन.
ती रडलीच नाही.
त्याचीही चर्चा झाली, तेराव्यापर्यंत पुरली.

एकदा गोकुळपेठेच्या बाजारात
संत्रेवालीनं टोपली मागं ओढली.
"तुले नाही देत. सुनेले उपाशी ठेवतं तू."
यमी हात जोडून पुढं गेली.
ऑटोत बसल्यावर म्हणाली,
आंबटच होती गं.

मग गुडघा.
वाटी बदलायला गेली, सात आठवडे लागले.
आठव्या सोमवारी पडद्याखालून एक पांढरी पट्टी सरकली:
यापुढे ही भूमिका.
पुढचं मी वाचलं नाही, समोर दिसतच होतं.
तेच कुंकू, तेच झुमके,
मान वळवायचा तोच कोन, आत दुसरीच बाई.
गल्लीला सवय व्हायला चार दिवस लागले.
मला पाच.

ती इकडं आली ती पोळ्याच्या तोंडावर.
दुसऱ्या दिवशी मारबत निघाली.
बांबूची हाडं, कागदाची कातडी, पिवळी धमक,
पोरांच्या डोक्यावरून झुलत, डोळे वटारून.
वर्षभराचं जे जे नको ते तिच्या पदरात:
खोकला घेऊन जा गे मारबत,
महागाई घेऊन जा, लोडशेडिंग घेऊन जा.
आम्ही गच्चीवर.
खालून कोणीतरी वर बघितलं.
"अबे, सासू! सासू हाय वर!"
आणि सगळी गल्ली एका दमात,
"सासूच्या कटकटी घेऊन जा गे मारबत!"

मी तिचा दंड धरला. आत चल म्हटलं.
कठड्यावरची तिची बोटं पांढरी पडली होती,
नवा गुडघा थरथरत होता, साडीतून कळत होतं.
तिनं माझा हात काढला.
डावी भुवई उचलली.
मान वळवली. मग पुन्हा. मग पुन्हा,
तीन कॅमेऱ्यांसाठी तीनदा, हळू,
आणि ताशेवाल्यानं, कोण होता कोणास ठाऊक,
तिन्ही वेळा बरोबर काडी मारली.
शिट्ट्या थांबेनात.
बाजूच्या गच्चीवर एक पोरगी भ्यायली, आईच्या मागं लपली.
तिच्याकडं बघून यमी पहिल्यांदा हसली.

संध्याकाळी तळ्याकडून जळक्या कागदाचा वास आला.
ती मागाजवळ बसली होती, धोटा हातात घेऊन.
पावडी दाबून बघितली, एकदाच. दुखलं असावं.
साडेसातला म्हणाली, लाव ना.

नवीन बाई दुधात काहीतरी मिसळत होती.
ढोल. वीज.
यमी पुढं वाकली, चष्मा पदराला पुसला,
पुन्हा लावला.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग:
"हिला खरी जर दिली आहे."