बंबोबाला चारच बोटं का

टेप चालू झाली? मग लिहून घे.
बंबोबाला बोटं चारच,
कारण पाचव्या बोटाला महिन्याकाठी
दोन बाटल्या शाई जास्त लागायची
आणि शाई गायधनी दहीपुलावरून
उधारीवर आणायचे.
तू वाचलंस ते शैलीबिली,
असेल बाबा. शाईवाल्याला कुणी विचारलं नाही.

त्याचं पोट?
स्टुडिओखाली तांबट लेन. दिवसभर ठाण ठाण.
जिना चढून गेलं तरी कानात तांबं वाजत राहायचं.
एका दुपारी गायधनींना खिडकीतून दिसला
नवाकोरा बंब, उन्हात,
आणि त्याला टेकून झोपलेला बोका.
म्हणाले, दोन चित्रं कशाला, एकच काढू.

पडला की तो वाजतो,
त्या आवाजाचा एक पैसा कुणी घेतला नाही.
रशीद मणियार दोरीला माइक बांधून
खाली सोडायचे आणि ओरडायचे,
"पुंजाजी, हाणा एक!"
पुंजाजी सिनेमा बघायला कधी आले नाहीत.
एकदा विचारलं तर म्हणाले,
त्या दिवशी भांड्याला पोचा आला, नुकसान झालं.

चाल मात्र नाशिकरोडच्या एका रखवालदाराची,
उजवा पाय किंचित उशिरा.
तो थिएटरात पहिल्या रांगेत बसून
सगळ्यांत मोठ्यानं हसला.
त्याला कळलं नव्हतं.
किंवा कळलं होतं.

आता वहीत नसलेलं सांगते.

चित्रं पारदर्शक पत्र्यांवर असायची,
मुंबईहून मोजून यायची,
एका सेकंदाला बारा.
कॅमेऱ्याखालून गेली की माझ्याकडे.
सोडा, कोमट पाणी, जुन्या धोतराचा तुकडा.
मी सोळा वर्षांची, पगाराच्या वहीत
माझ्या नावापुढे एकच शब्द: धुणे.
वत्सला काठे रंगवायची, मी पुसायची.
आठ दिवस लावून तिनं केलेली उडी
मी एका संध्याकाळी मोरीत सोडली.
नारिंगी पाणी गेलं. मी रडले.
गायधनी म्हणाले, वेडे, उडी फिल्मवर आहे.

मग गंगा आली तळमजल्यापर्यंत.
दुतोंड्या मारुती बुडाल्याचं
आम्हाला डबे वाहून गेल्यावर कळलं.
तू मोबाइलवर बघतोस ती
प्रतीची प्रत. एवढा फिका तो कधीच नव्हता.

एक पत्रा मी धुतला नाही.

त्यात बंबोबा दारात उभा राहून हात हलवतो,
आणि त्या हाताला बोटं पाच.
चुकून झालं, वत्सला म्हणाली.
परवा तिचं निफाडला लग्न होतं,
परत येणार नव्हती, ठाऊक होतं दोघींना.
सेकंदाचा बारावा हिस्सा.
कुणाच्याच नजरेत आलं नाही.

तू थांबवून शोधशील, सापडणार नाही.
नेमकी तिथंच फिल्म तुटली होती,
रशीदभाईंनी जोडताना कात्री लावली.

नाही, दाखवणार नाही.
कपाटात आहे, एवढंच लिही.
थांब, तेही नको.
चारच लिही.