एन्कार्नासियोन, खालची पेठ

आधी पाद्री आले, मग रेल्वे,
मग धरणाचं पाणी.
भरपाई मोजून मिळाली:
भिंतीची, पत्र्याची, दोन आंब्यांची.
ओट्याची नाही.

ओबदूलिया अजून पहिल्या बसने
पराना ओलांडून पोसादासला जाते.
यंदा तिकडून तेल आणायचं,
गेल्या साली इकडून टॉवेल नेले;
पेसो पडला की वाट उलटी.
जकातीवरचा पोरगा विचारतो, पिशवीत काय?
ती ग्वारानीत काहीतरी पुटपुटते.
त्याला कळतं,
वहीत लिहिता येत नाही.

परतताना, पुलाच्या मधोमध,
नकाशात नुसता निळा रंग आहे तिथे
ती काचेवर बोट टेकवते:
"ते स्टेशन. त्याच्या मागे
बोग्दानचं कापडदुकान.
उधारी राहिलीय माझी."


आणि आकडा सांगते.