अर्ज, सर्जेकोटच्या जेटीवरून

रेंज फक्त इथेच मिळते, बर्फाच्या कारखान्यामागे,
पालथ्या घातलेल्या होडीवर बसलं तर.
मांडीवर लॅपटॉप, पडद्यावर चिलटं,
आणि मुदत तिकडच्या मध्यरात्री,
म्हणजे आपल्या पहाटे साडेचारला.

पद : संशोधक, मनोविकारांची आनुवंशिकी.
तीन वर्षं. उत्तर समुद्राकाठचं कुठलंसं शहर.
तिथेही बांगडा मिळतो म्हणे,
पण डब्यातला.

जन्मतारीख भरली.
प्रसिद्ध निबंध भरले : साडेचार.
अर्धा म्हणजे ज्यात माझं नाव अकरावं आहे.

प्रश्न चौथा. हाच विषय का? शब्दमर्यादा तीनशे.
लिहिलं, किनारपट्टीवरच्या आपल्या कुटुंबांचे नमुने
जगाच्या संग्रहात फार थोडे आहेत.
खरंच आहे ते. खोडलं नाही.
पण कारण ते नव्हे.

कारण पलीकडे बसलंय, दिव्याखाली,
सुपात सुका जवळा निवडत.
भागीरथी आते, वय त्रेसष्ट.
मी सातवीत असताना तिने एका रात्रीत
आजोबांची होडी पिवळी रंगवली,
आणि उजाडायच्या आत दारोदार जाऊन
लग्नाचं आवतण दिलं.
कुणाचं लग्न, हे कुणी विचारलं नाही.
मग चार महिने भिंतीकडे तोंड.
मग रत्नागिरी.

परतली ती गोळ्या घेऊन. लिथियम.
पुढे कधीतरी मीच शहाणपणाने सांगितलं,
आते, हे एक तऱ्हेचं मीठच गो.
"मीठ हाडूक रत्नागिरेक जातत काय कोण?"
म्हणाली, आणि गिळली.

कामाचा नमुना म्हणून एक तक्ता जोडलाय.
कुटुंब क्रमांक सतरा, नावं काढलेली.
पुरुष चौकोन, बाई गोल,
आजारी असेल त्याचं घर काळं भरायचं,
गेलेल्यावर तिरकी रेघ.
संमतीपत्रावर तिची सही आहे, ठसठशीत,
काना जरा लांब ओढलेला.

सूप ठेवून ती पडद्यात डोकावते.
"माझो गोल खंयचो?"
दाखवला.
"काळो कित्याक केलंस?"
नियम आहे तसा, मी म्हणते.
"आणि ह्यो रिकामो?"
माझा.
ती काही बोलत नाही. जरा वेळाने,
"मगे, गावला काय तां? कशातसून येता तां?"

एक नाही आते, शेकडो आहेत.
प्रत्येकाचा हात इवलासा.
एकट्याने कुणीच काही करत नाही.
"म्हणजे गोलमो," ती म्हणते, सुपाकडे बघत.
"एक एक मोजूक जाशीत तर डोळे जातले.
टोपलेत घाल नि वजन कर."

माझा प्रबंध एकशे ब्याऐंशी पानांचा आहे.
त्यात हेच आहे,
फक्त आलेख जास्त.

तीनशे शब्दांत तिला बसवून पाहिलं.
बसली नाही. नाव काढलं तर होडी उरली,
होडी काढली तर किनारपट्टी,
आणि किनारपट्टी आधीच लिहिलेली होती.
शेवटी एकच ओळ वाढवली :
अर्जदाराचा या विषयाशी घरचा संबंध आहे.
पुढे तपशील मागितला होता.
तिथे रेघ मारली.

दोन वाजून दहा मिनिटं. पाठवला.
आपला अर्ज मिळाला. कृपया या संदेशास उत्तर देऊ नये.

"झोपलंस कधी गो तू?"
अर्ज होता ना, मी म्हणते.
"अर्ज आज होतो. काल? परवा?"
मी बोटं मोजते. तिसरी रात्र ही.
भूक नाही, दमही नाही,
समुद्र जरा जास्तच स्पष्ट दिसतोय.
अर्जामुळेच, असं मी तिला सांगते.
ती ऐकते, जसं डॉक्टर तिचं ऐकायचे,
मान हलवत, पटलेलं नसताना.

मग लॅपटॉप मिटते तीच.
घरी नेत नाही मला, तिथेच बसते बाजूला,
दोघी एकाच फळीवर.
बुडाशी, दोन फळ्यांच्या सांध्यात,
नखाला अजून पिवळा रंग लागतो.