शेरा

शेरा म्हटलं की लोकांना कुत्रा आठवतो.
आमच्या रजिस्टरात तो शेवटचा रकाना आहे.
मालकाचं नाव, गाव, जनावर, लक्षणं, औषध,
आणि मग बोटभर जागा. तिथं मी लिहितो:
बरी. विकली. दगावली. परत आणली नाही.
एकोणीस वर्षं एवढ्यावर भागलं.

मग पोळ्याच्या आदल्या मंगळवारी
दवाखान्यासमोरच्या बैलांच्या गर्दीतून वाट काढत
कुसुम आत्राम आली.
आश्रमशाळेत स्वयंपाकी होती, यंदा निवृत्त झाली.
काखेत तर्री. रंगही तसाच, पोह्यावर ओतावा असा लाल.
एक कान उभा, एक नापास.
"डाक्टरसायेब, इले इमानात न्याची हाय पोरीकडं.
तुमी लिहून द्या, का हे उडाले फिट हाय."

मी बैलाचा खूर मांडीवर घेऊन बसलो होतो.
मी स्वतः कधी उडालो नाही.
विमान म्हणजे तुरीवरून जाणारी खडूची रेघ,
कोणी न पुसता पुसली जाणारी.

अर्ज पोरीनं फोनवर धाडलेला.
झेरॉक्सवाल्यानं आडवा काढला, म्हणून मान वाकडी करून वाचला:
पिशवीसकट सात किलो.
पिशवी समोरच्या सीटखाली.
प्रवासभर तोंड बाहेर काढू नये.
कोणी, ते लिहिलं नव्हतं.

आमच्या काट्यावर वासरं चढतात,
त्याला किलोभर इकडं-तिकडं समजत नाही.
बावण्याच्या किराणात गेलो.
साबुदाण्याचं पोतं उतरवलं, तर्री चढवली.
सहा सातशे. विकतची पिशवी एक शंभर.
"आठशे जास्त होते," बावणे म्हणाला, "काढू?"
सवयीनं म्हणाला बिचारा.
तर्रीनं जांभई दिली.

"गावात ठेव न कोणाकडं," मी म्हटलं.
"कोनाकडं? नाव सांगा."
मी नाव शोधत राहिलो.
हातातलं पेन उघडंच होतं.

पंधरा दिवस रात्रीचा भात बंद.
विकतची पिशवी वापस गेली.
मच्छरदाणी आणि जुन्या दप्तराचं कापड,
कुसुमनं घरीच शिवली, दुहेरी टाका, चारशे ग्रॅम.
तरी पन्नास ग्रॅम जास्तच.
शेवटी गळ्यातला घुंगरांचा पट्टा काढला. नव्वद.
काटा सहा नऊशे साठवर थांबला.
"चाळीस उरले," बावणे म्हणाला.
"तेवढं तिचं भेव असन," कुसुम म्हणाली.

पट्टा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, थर्मामीटरच्या बाजूला.

त्या दिवशी दुपारी मी चिखलीच्या रस्त्यावर
एका शेळीचं तोंड धरून उभा.
वर रेघ निघाली.
एवढ्या उंचावरचं विमान नागपूरहून सुटलेलं नसतं,
हे मला माहीत होतं.
तरी मान वर केली.
शेळीनंही केली, औषध गिळायला.

रात्री फोन आला.
"झोपली ना ते. घोरत होती.
मीच कापत होती थरथर.
तिचा पट्टा तुमच्यापाशी,
अन् मले पट्टा त्यायनं बांधला, पोटावरून.
मंग जाळीतून बोट घातलं. तिनं चाटलं.
शेजारचा बुवा म्हने, मावशी, खिडकीतून पाहा.
मी कायले पाहू? माया पायाशी होती न ते."

तिकडं मागून भुंकणं आलं. घर नवीन असावं.

आज रजिस्टर पुरं करायला घेतलं.
कुसुम आत्राम. कुत्री, लाल, वय पाच.
लक्षणं: नाहीत. औषध: नाही.
शेरा.
पेन जरा वेळ टेकवून ठेवलं, शाईचा ठिपका पडला,
त्याच्या पुढं लिहिलं: उडाली.
ऑडिटवाला विचारेल. विचारू दे.

खालच्या ओळीत शेळी, पोटफुगी, गोडेतेल.
तिचा शेरा उद्या.